फटफटीचा उसासा

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार बावीस सालची आहे. भाद्रपद सरत आला होता, घट बसायला आठ दिवस उरले होते, आणि माझ्या डोक्यावरची एक बोटभर लांबीची वस्तू ठेवावी की काढून टाकावी, यावर चार माणसं येरमाळ्याच्या एका गॅरेजात वाद घालत होती. त्या वादात मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला कुठे बोलता येत होतं?

मी एक जुनी फटफटी आहे. माझा जन्म एकोणीसशे शहाऐंशीचा. दक्षिणेकडच्या कारखान्यातून रेल्वेने सोलापूरला आले आणि तिथून बलभीमरावांनी मला चालवत आणलं, येरमाळ्यापासून तीन कोसांवरच्या त्यांच्या गावी. तेव्हा आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. बलभीमराव सरकारी खात्यात गुरांवर उपचार करायचे. हुद्दा वेगळाच होता, पण गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाचं पोट फुगलं की माणूस सायकलवर धावत यायचा आणि आम्ही दोघं निघायचो. पाठीमागे औषधांची पेटी, पुढे कच्चा रस्ता. माझा आवाज ओढ्यापलीकडून ऐकू आला की बायका म्हणायच्या, "आला गं डॉक्टर, पाणी तापवा."

आता माझ्या शरीराची थोडी माहिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं इंजिन एकाच सिलिंडरचं. त्यात एक मोठा पिस्टन वरखाली होतो. वर येताना तो हवा कोंडून धरतो. ती कोंडलेली हवा इतकी घट्ट असते की किकवर उभं राहिलं तरी किक खाली जात नाही. आणि कुणी अर्धीमुर्धी लाथ मारली, तर पिस्टन माथ्यावर पोचायच्या आतच पेट्रोल पेटतं आणि किक उलटी वर येते. गाय दूध काढणाऱ्यावर लाथ झाडते तशी, पण लोखंडाची.

म्हणून माझ्या डाव्या मुठीपाशी एक छोटी कळ होती. आधी किक हळू रेटत पुढच्या दिव्यावरच्या तबकडीतली सुई मधोमध आणायची; म्हणजे पिस्टन माथ्यापाशी आला. मग कळ दाबून किक हळूच रेटली की तारेने डोक्यावरची एक बारीक झडप उघडायची आणि कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर पडायची. पिस्टन अलगद माथा ओलांडायचा. मग कळ सोडायची आणि किक मारायची. एका लाथेत मी सुरू. मिस्त्री लोक त्या कळीला डीकॉम्प म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव होतं उसासा. हे नाव लक्ष्मीबाईंनी ठेवलं.

लक्ष्मीबाई म्हणजे बलभीमरावांची बायको. एकदा एका खोंडाने बलभीमरावांच्या पायावर लाथ मारली. पाय प्लास्टरमध्ये. पण गावोगावची गुरं थांबतात थोडीच! तेव्हा लक्ष्मीबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि मला सुरू करायला शिकल्या. बलभीमराव ओट्यावरून सांगायचे, "सुई मधी आण. आता कळ दाब. फुस्स झालं? सोड. आता मार." त्या मारायच्या आणि मी धडधडायला लागायचे. मग नवऱ्याला हाताला धरून माझ्यावर बसवायच्या. गियर बदलायचा पाय दुखरा, म्हणून सहा आठवडे बलभीमरावांनी मला दुसऱ्याच गियरमध्ये रेटलं. सगळं गाव हसायचं. लक्ष्मीबाई म्हणायच्या, "हसू द्या. ही उसासा टाकती आन् कामाला लागती. माझ्यावाणीच हाय." त्यांच्या बोटांनी त्या कळीची कड गुळगुळीत झाली होती.

पुढे त्यांनी आपल्या मुलीला, शिवकन्येला, शिकवलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. शिवकन्या तेव्हा चौदा वर्षांची होती. ती किकवर उभी राहिली की तिचं वजन मला जाणवायचंच नाही. पण उसासा असल्यावर वजन लागत नाही. एक-दोन वर्षांनी लक्ष्मीबाई गेल्या. बलभीमराव निवृत्त झाले, त्यांचा गुडघा धरला, आणि मी गोठ्याच्या छपराखाली उभी राहू लागले. माझ्या सीटवर कोंबड्या बसायच्या. टाकीचा रंग उडाला. थोरला मुलगा इंद्रजित पुण्याकडे कारखान्यात लागला होता; त्याच्याकडे बटण दाबून सुरू होणारी गाडी होती.

मला परत बाहेर काढलं ते शिवकन्येने. तिला पोलीस व्हायचं होतं. आमच्याकडे हे स्वप्न घरोघरी असतं, मित्रांनो, पण तिचं फार जिद्दीचं होतं. दोन भरत्या तिच्या हातून निसटल्या होत्या. एकदा उंचीच्या मापात गोंधळ झाला, एकदा धावण्यात चार सेकंद जास्त लागले. आता सत्तावीस पूर्ण झाली होती. यावेळची जाहिरात निघाली की ती वयात बसणारी शेवटची. रोज सकाळी ती कोंबड्यांना हुसकायची, सुई मधी आणायची, कळ दाबायची, आणि आम्ही येरमाळ्याच्या मैदानावर जायचो. मी लिंबाखाली उभी. ती आठशे मीटर पळायची, पुन्हा पळायची, परत यायची आणि माझ्या टाकीवर बोटाने आकडा लिहायची. घामाच्या बोटाने लिहिलेला आकडा धुळीत उमटायचा. मार्चमध्ये तीन मिनिटं दहा सेकंद. ऑगस्टमध्ये दोन बावन्न. त्या दिवशी तिने टाकीला कपाळ लावलं. एवढं कौतुक माझं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये इंद्रजित कंपनीतलं काम सुटल्याने घरी आला होता. त्याचा मित्र बजरंग गावच्या नवरात्र मंडळाचा पुढारी. दोघांनी ठरवलं की यंदा तुळजापूरहून ज्योत आणताना पुढे मी चालायचं. ज्योत म्हणजे काय, ते बाहेरच्या मुलांसाठी सांगते. घट बसतात त्या दिवशी तुळजापूरला आईच्या दारात मशाल पेटवायची आणि पळत पळत आपल्या गावात आणायची. एक दमला की दुसऱ्याने घ्यायची. ती जमिनीला टेकवायची नाही, विझू द्यायची नाही. पळणाऱ्याच्या आणि बरोबरच्या कुणाच्याही पायात चप्पल नसते. नवरात्रात नऊ दिवस आमच्याकडची कितीतरी माणसं अनवाणीच असतात. पुढारी, मास्तर, ड्रायव्हर, सगळे.

इंद्रजितला मी होते तशी नको होते. त्याने मोठा पिस्टन, मोठा सिलिंडर आणि त्यावर बसणारं नवं हेड मागवलं. साडेतीनशे सीसीची मी पाचशेच्या वर जाणार होते. ते खोकं घेऊन तो मला मच्छिंद्र मिस्त्रीकडे घेऊन गेला. मच्छिंद्राचं गॅरेज हमरस्त्याला. तो तीस वर्षं माझं इंजिन उघडत-मिटत आला होता. गॅरेजात बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली मोजमापाची हत्यारं, पुसून मांडलेली. बलभीमरावही आले होते, कारण गाडी त्यांच्या नावावर. शिवकन्या मैदानावरून तशीच आली होती.

"साहेब, ह्यो हेड कोरा हाय," मच्छिंद्र बलभीमरावांना म्हणाला. "डीकॉम्पचं भोक न्हाय ह्याला. पाडून घ्यावं लागंल. बार्शीला लेथवाला हाय वळखीचा. दोन दिस द्या."

"भोक?" इंद्रजित म्हणाला. "नव्याकोऱ्या हेडला? तिथनं तडा गेला म्हंजी? आन् झडपंत काजळी बसती, हवा गळती. एवढा मोठा पिस्टन घालायचा आन् वरून हवा सोडायची व्हय?"

"गळती, खोटं न्हाय. साल-दोन सालानं साफ करावी लागती. पर असं हाय, पिस्टन जेवढा मोठा तेवढी लाथ मोठी. बारक्या इंजिनाला कळ नसली तर एक वेळ चालतंय. हिला न्हाय चालायचं."

"मिस्त्री, किक मारायला मांडीत दम लागतो. कळ म्हंजी म्हाताऱ्यांची सोय."

"मग मी म्हातारी का रे दादा?" शिवकन्या म्हणाली. "मला लागती ती. रोज मीच न्हेते हिला."

"तुला कोण म्हणलं न्हे? स्कूटी घे की."

"घेऊन दे. कधी देतोस?"

मच्छिंद्र हसला. मग गंभीर झाला. "इंद्रजित, माझं ऐक. कळीबिगर हिला किक मारायची तर पायात जाड बूट पायजे, आन् माणूस सत्तर किलोचा पायजे. आठ दिसांनी तर तुमी समदे अनवाणी. तवा काय करणार?"

इंद्रजितने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "ज्योतीची गाडी हाय ही. आई बघून घील."

"आई बघंल, मी कुठं नाय म्हणतो? पर हेडला भोक पाडायचं काम आईचं न्हाय, माझं हाय."

मग सगळे बलभीमरावांकडे बघू लागले. त्यांच्या हातात काढलेली कळ होती. ते तिची गुळगुळीत कड अंगठ्याने घासत होते. मला वाटलं, आता हे बोलतील. ज्या माणसाने आयुष्यभर लाथा झाडणाऱ्या जनावरांत दिवस काढले, जनावराला हात लावायच्या आधी मागचे पाय बांधा म्हणून मालकांवर ओरडला, तो आता गप्प कसा बसेल? पण पोरगा चार वर्षांनी घरी राहायला आला होता, वडिलांशी हसून बोलत होता. बलभीमरावांना ते मोडवेना.

"यंदा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोराची हौस हाय. दिवाळीला बसवू."

"तात्या!" शिवकन्या म्हणाली.

"आगं, महिन्याचा तर प्रश्न हाय."

मच्छिंद्राने कळ, तार आणि झडप एका फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. डब्यावर खडूने माझा नंबर लिहिला.

खोटं कशाला सांगू, मित्रांनो, सुरुवातीला मला ते आवडलं. मोठा पिस्टन बसल्यावर मी पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा शेजारच्या टपरीवरचे कप थरथरले. बजरंग म्हणाला, "तेरखेड्याच्या फटाक्यांचा माल भरला का काय हिच्यात!" पोरं माझ्याभोवती गोळा झाली, फोटो काढले, टाकीला शेंदरी रंग दिला. छत्तीस वर्षांची मी, मला पुन्हा कुणी वळून बघत होतं. मी फुगले. उसासा गेल्याचं दुःख मला त्या आठवड्यात झालं नाही, हे मी आज कबूल करते.

शिवकन्येने दोनदा प्रयत्न केला. पळायच्या बुटांनी. दुसऱ्यांदा किक अर्ध्यावरून उलटली, तिचा पाय सटकला, नडगीला काळंनिळं झालं. मग ती मैदानावर चालत जाऊ लागली. तीन कोस.

घटाच्या दिवशी पहाटे आम्ही तुळजापूरहून निघालो. त्या साली पहिल्यांदाच मंडळात दोन मुली होत्या, शिवकन्या त्यातली एक. पळणारे आळीपाळीने ज्योत घेत होते आणि मशालीच्या तेलाची किटली माझ्या हँडलला अडकवली होती. धाराशिव गेलं तरी इंद्रजितच मला चालवत होता. मी थांबलेच नाही, म्हणून किकचा प्रश्नच आला नाही. येडशी ओलांडली. दुपार झाली. बाकीच्यांचा टेम्पो पुढे चहाची सोय बघायला गेला. चढावर इंद्रजितची पळायची पाळी आली. तो चालत्या गाडीवरूनच मागे बसलेल्या शिवकन्येला म्हणाला, "हँडल धर." त्याने उतरून ज्योत घेतली. बजरंग त्याच्या बाजूने पळत होता. शिवकन्येने माझी मूठ धरली.

चढ, ऊन, पळणाऱ्याच्या चालीने रांगणं. मी तापले होते. मोठ्या पिस्टनला ते रांगणं सोसलं नाही. दोन आचके दिले आणि मी बंद पडले.

इंद्रजित पन्नास पावलं पुढे गेला होता. ज्योत थांबवायची नसते. तो पळता पळता मान वळवून ओरडला, "शिवे, तेल! ज्योत बारीक झाली! ये लवकर!"

किटली माझ्या हँडलला होती, गरम इंजिनावर हेलकावत. ती किटली काढून घेऊन शिवकन्या पळत गेली असती तर? हा विचार मी छपराखाली हजार वेळा केला आहे. पण त्या क्षणी तिला गाडी सुरू करणं हेच सुचलं. आयुष्यभर ती तेच करत आली होती. तिने मला स्टँडवर टेकवलं, सुई मधी आणली. डाव्या हाताची दोन बोटं कळीवर गेली.

कळ नव्हती. बोटं रिकाम्या जागेवर मिटली.

पण पाय थांबला नाही. पायाला आईने शिकवलेला क्रम पाठ होता. तिने उडी घेऊन उजवा पाय किकवर टाकला. अनवाणी. अठ्ठेचाळीस किलोची ती पोर. किक अर्ध्यावर गेली आणि माझ्या पोटात पेट्रोल वेळेआधी पेटलं. मी ते अडवू शकले नाही. माझ्या आत असं काही उरलंच नव्हतं ज्याने मी ते अडवलं असतं. किक उलटी आली. कडकन वाजलं. ते वाजणं माझ्या कुठल्याही भागातलं नव्हतं.

ती माझ्या बाजूला पडली. मी तिच्या अंगावर पडले नाही, स्टँडवर तशीच उभी राहिले, एवढंच. तिचा घोटा भलत्याच दिशेला वळला होता. ती ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "पाय न्हाय, दादा. पाय नको."

इंद्रजित परत धावत आला. हातात ज्योत. ती त्याला खाली टेकवता येईना आणि ती हातात असताना बहिणीला उचलता येईना. तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं, आणि मशालीचा धूर त्याच्या डोळ्यांत जात होता. शेवटी बजरंगने त्याच्या हातातून ज्योत ओढून घेतली, तेलाची किटली घेतली आणि पुढे पळाला. कारण कुणीतरी पळायलाच हवं होतं.

ज्योत विझली नाही. संध्याकाळी ती गावात पोचली, हलगी वाजली, घट बसले. त्या वर्षी आमच्या गावात काही विझलं, असं कुणी म्हणालं नाही.

मला दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून आणलं. शिवकन्येच्या घोट्यात पट्टी आणि सात स्क्रू बसले. दिवाळी झाली आणि भरतीची जाहिरात निघाली. तिने अर्ज भरला. मोडलेल्या पायाबद्दल अर्जात रकाना नव्हता. मैदानी चाचणीला ती गेली. बजरंग तिच्याबरोबर होता. तो गोठ्यात येऊन कोंबड्यांना दाणे टाकता टाकता बलभीमरावांना सांगत होता, ते मी ऐकलं. "अर्धं मैदान पळाली, तात्या. मग पाय उचलंना. बाजूला हो म्हणले तरी झाली न्हाय. चालत गेली शेवटपर्यंत. तवर मोजणाऱ्यानं घड्याळ बंद केलं हुतं." बलभीमराव उठले. त्यांनी पाना घेतला, माझी किक खोलून काढली आणि खांबाच्या खिळ्याला टांगली.

आता त्या सगळ्यांचं काय झालं ते सांगते.

इंद्रजित परत पुण्याकडे गेला. नवरात्रात येत नाही. त्या कारखान्यात लोखंडी टोकाचे बूट सक्तीचे आहेत, असं बजरंग सांगतो. बहिणीशी तो फोनवर बोलतो. ती "बरी हाय" म्हणते आणि फोन ठेवते. बजरंगने मंडळ चालू ठेवलं आहे. ज्योतीपुढे आता बटणाची गाडी असते, आणि त्या गाडीवाल्याला तो चप्पल घालायला लावतो. गावातली म्हातारी माणसं त्याच्यावर रागावतात. बलभीमराव अंगणात बसतात. त्यांना हल्ली बरंच आठवत नाही. कुठल्या गावात कुणाची म्हैस अडली होती तेही विसरले. पण मधूनच अंगठा तर्जनीवर घासतात आणि कुणालाही म्हणतात, "दिवाळीला बसवू म्हणलो हुतो मी."

शिवकन्या येरमाळ्याला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात बसते. पोलीस भरतीचे अर्ज भरायला मुली येतात. ती त्यांना वय विचारते, उंची विचारते, धावण्याची वेळ विचारते, आणि आकडे टाकते. जाता-येता वडापची जीप, माणसं कोंबून नेणारी. उतरून घरी येताना तिच्या पावलांचा आवाज मी ओळखते. एक जड, एक हलका.

आणि मच्छिंद्र. गेल्या पावसाळ्यात तो आपण होऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने माझं हेड काढून नेलं, बार्शीला भोक पाडून आणलं, झडप बसवली, तार ओढली आणि फडक्यातली ती जुनी कळ माझ्या डाव्या मुठीपाशी लावली. खिळ्यावरची किकही बसवली. कळ दाबून त्याने हातानेच किक हळू खाली रेटली.

फुस्स.

घरातून शिवकन्या दारात आली.

"काका," ती म्हणाली, "आता कुणासाठी?"

मच्छिंद्राने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला. "कुणासाठी न्हाय, बाई. ऱ्हायलं हुतं, म्हणून."

ती माझ्यापाशी आली. दोन बोटं कळीवर ठेवली आणि एकदा दाबली. पण इंजिन फिरवल्याशिवाय उसासा येत नाही, मित्रांनो. नुसती झडप हलते. तिने थोडी वाट पाहिली, कळ सोडली आणि आत गेली. एक जड, एक हलका.

तेव्हापासून मी पूर्ण आहे. माझं काही कमी नाही. कोंबड्या बसतात, टाकीवर धूळ साचते, आणि त्या धुळीत कुणी आकडा लिहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी गाडी असेल, एखादं यंत्र असेल. त्याला मोठं करायची, त्याचा आवाज वाढवायची हौस तुम्हाला होईल. जरूर करा. पण त्यातली बारीकशी वस्तू काढताना, ती कुणाच्या बोटांनी झिजली आहे ते एकदा बघा. ज्याला ती लागते तो हळू बोलत असेल, त्याचं ऐका. आणि ती परत बसवायची असेल तर त्याच दिवशी बसवा. दिवाळीला बसवू, असं म्हणू नका.